काळ्या तांब्यातलं सोनं

माझे सासरे त्या वस्तूला कुणालाही चिलीम म्हणू देत नसत. पाइप म्हटलेलंही त्यांना फारसं खपत नसे. तिचं नाव किसेरू. जपानी लोक जिच्यातून तंबाखू ओढायचे ती दीड वीत लांबीची सडपातळ नळी, दोन्ही टोकं धातूची, मधला दांडा बारीक बांबूचा. पुढच्या टोकाला मान वाकवून वर पाहणारी एवढीशी वाटी. तिच्यात मावणार वाटाण्याएवढी तंबाखू, तीही केसासारखी बारीक कापलेली. दोनतीन झुरक्यांत खेळ खलास. "एवढ्यासाठी एवढा खटाटोप?" असं मी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात विचारलं आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने चहाचं आधण ठेवायला आत गेले. मी मुळातच आगाऊ. आधी तोंड उघडायचं आणि मग पस्तावायचं, हा माझा स्वभाव. म्हणूनच ज्या एका वेळी तोंड उघडायला हवं होतं तेव्हा मी ते मिटून बसले, याचं मला अजून नवल वाटतं, आणि लाजही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. वसईतल्या आमच्या ख्रिस्ती आळीत पंधरावीस घरं, मागे केळीच्या वाड्या, आळीच्या तोंडाशी क्रूस. सासू जाऊन तीन वर्षं झाली होती. नवरा बोटीवर नोकरीला, लग्नानंतर दीड महिन्यात गेला तो वर्षभराने येणार होता. घरात सासरे, नणंद आणि मी. सासऱ्यांनीही सगळं आयुष्य बोटीवरच काढलं होतं, इंजिनरूममध्ये फिटर म्हणून. छाती कुरकुरायला लागली तसे ते घरी बसले आणि डॉक्टरांनी तंबाखू बंद केली. तेव्हापासून किसेरू काचेच्या कपाटात, फ्लॅनेलच्या तुकड्यावर. रविवारी चर्चमधून मिस्सा ऐकून आले की ते ती बाहेर काढत, तळहातावर थोडा वेळ धरत, अंगठ्याने हलकेच चोळत आणि परत ठेवत. दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही, हा घरातला नियम.

त्यांच्या तरुणपणी त्यांची बोट कोबे बंदरात दुरुस्तीला अडकली होती, तीन महिन्यांहून जास्त. हाताला काम नसलं की हा माणूस वेडापिसा व्हायचा. बंदरामागच्या गल्ल्यांतून हिंडताना त्यांना एका ओट्यावर एक म्हातारा हातोडी मारत बसलेला दिसला. तांब्याचा पातळ पत्रा लोखंडी सळईवर वळवून तो ठोकत होता, ठोकून ठोकून त्याची निमुळती नळी करत होता, आणि सांधा कुठे गेला ते फिटरच्या डोळ्यालाही दिसेना. सासरे तिथेच उभे राहिले. दुसऱ्या दिवशी परत गेले. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती. तिसऱ्या दिवशी त्यांनी बोटीवरच्या झिजलेल्या कानशी नेल्या आणि त्या पोलादातून म्हाताऱ्याला कोरायच्या छिन्न्या करून दिल्या. म्हाताऱ्याने त्यांची धार नखावर पारखली आणि बसायला चटई पुढे केली. बोट निघाली तेव्हा त्याने ही किसेरू यांच्या हातात ठेवली. ती त्याच्या आज्याने घडवलेली होती. आजा तलवारींच्या मुठींवरचं नक्षीकाम करायचा. सरकारने तलवारी बाळगायला बंदी केली तसे ते कारागीर किसेरूंकडे वळले, आणि पुढे सिगारेट आली तशी किसेरूही मागे पडली. हे सगळं बंदरातल्या एका कारकुनाने मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावलेलं. आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते ऐकून घ्यावं लागे.

या गोष्टीचा कळस म्हणजे रंग. किसेरूची दोन्ही टोकं काळी होती, आणि उजेडात धरली की त्या काळ्यात पिकल्या जांभळासारखी झाक उमटायची. वाटीच्या खालच्या अंगाला चांदीची एक चिंबोरी होती, नखाएवढी खेकडी, नांग्या उगारलेली. ती वरून चिकटवलेली नव्हती. तांब्यात खाच कोरून, तिच्यात चांदीची तार ठोकून बसवलेली. सासरे पाहुण्याच्या कानाशी वाकत आणि म्हणत, "या काळ्या तांब्यात सोनं हाय. शंभरात चारपाच भाग." पाहुणा डोळे विस्फारायचा. हे सोनं मिसळलेलं तांबं मुळात तांबूसच असतं, एका पाण्यात उकळल्यावर ते काळं होतं, आणि तो काळा रंग हीच सगळी करामत, हे पुढचं सांगेपर्यंत पाहुण्याचं लक्ष उडालेलं असे. सोनं हा शब्द ऐकला की माणसाच्या कानात दुसरं काही शिरत नाही. माझ्याही शिरलं नव्हतं.

आमच्याकडे भांडी घासायला येणारी बाई जूचंद्रकडची, मिठागरांच्या बाजूची. आमच्यासकट आळीतल्या सहा घरांचं काम तिच्याकडे होतं. पूर्वी ती मिठागरावर पाट्या वाहायची. मिठाने तिच्या पायांना अशा चिरा पाडल्या होत्या की त्यांत पाच पैशांची नाणी उभी राहावीत. दोन मुली होत्या, नवरा नव्हता. आळीतली ही भांडी मिळाली आणि तिचे पाय भरून यायला लागले. "आता रातचे पाय ठनकत नाय, वयनी," असं ती मला एकदा आनंदाने म्हणाली होती. ती पाणी म्हणायची नाही, पानी म्हणायची, आणि आमच्या आळीतल्या बाया तिला त्यावरून हसायच्या. आमच्या घरच्या बोलीला शाळेतल्या बाई हसायच्या, ते सोयीस्कर विसरून.

मग नणंदेचं लग्न ठरलं. ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्यात लग्नं होत नाहीत, म्हणून तो सुरू व्हायच्या आत उरकायचं होतं. आमच्याकडे लग्नघरात तांब्यापितळेचं एक भांडं जरी कळकट दिसलं तरी सुनेचं नाक कापलं जातं. त्यात मी नवी, डोक्यावर सासू नाही. आल्या-गेल्या प्रत्येक आत्याबाईला मला दाखवून द्यायचं होतं की हे घर उघडं पडलेलं नाही. नवरीला न्हाऊ घालायचं उंबराचं पाणी आणतात त्या कळशीपासून माळ्यावरच्या घंगाळापर्यंत सगळं अंगणात काढलं. बाई तिथे राख आणि काथ्या घेऊन सकाळपासून बसली होती. मी आत बसून मेणबत्त्यांची घरं, क्रूस, पितळी फुलदाण्या असलं लहानसहान घासत होते. चिंच तिच्याचकडून मागून घेतली होती.

सासरे पत्रिका वाटायला गेले होते. कपाटाची काच पुसायला म्हणून मी किल्ली लावली आणि ती काळी नळी नजरेला पडली. माझ्या डोक्यात काय आलं ते मला नीट आठवतं. आत सोनं आहे म्हणतात ना, मग इतक्या वर्षांच्या धुराने त्याचं पार वाटोळं झालंय. हे बाबा उगीच कुणाला हात लावू देत नाहीत. आपण लख्ख करून ठेवू, लग्नात चार माणसांत दाखवतील तेव्हा खूश होतील. मी ती चिंच-मिठात अर्धा तास भिजवली. मग फडक्याला बारीक चाळलेली राख लावून उभी-उभी घासली. काळं भराभर उतरलं. खालून तांबूस गुलाबी निघालं. पिवळं काही दिसेना, म्हणून अजून जोर लावला. चिंबोरीच्या पायांमध्ये चिंचेचा कोळ अडकला होता, तो केसांतली पिन काढून कोरला. धुऊन पुसल्यावर ती नव्या तांब्याच्या भांड्यासारखी चकाकायला लागली, फक्त चिंबोरी कुठे दिसेनाशी झाली. गुलाबी तांब्यावर पांढरी चांदी, डोळे बारीक केल्याशिवाय कळतही नव्हती. मी ती घाईघाईने फ्लॅनेलवर परत ठेवली आणि कपाटाला किल्ली लावली.

सासरे दुपारी आले. कपडे बदलायला जाताना कपाटाशी थबकले. त्यांनी किसेरू बाहेर काढली, खिडकीशी नेली, उलटीसुलटी केली. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

"कोणी घासली ही?"

घरात पाहुणे येऊन उतरले होते. नणंद म्हणाली, "भांडी तर तीच घासते सकाळपासून." सगळ्यांनी अंगणाकडे पाहिलं. बाई राखेने भरलेले हात घेऊन उभी राहिली. "मी नाय हात लावला," ती म्हणाली. "देवाशपत. मी त्या कपाटाकं गेले पन नाय." एक आत्याबाई म्हणाली, या लोकांना राख दिसली की समोर येईल ते घासतात. सासऱ्यांनी एवढंच म्हटलं, "उद्यापासून येऊ नको."

बाईने माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्याकडे नाही, हातांकडे. चिंचेच्या पाण्याने माझी बोटं सुरकुतून तपकिरी झाली होती. मी ती पदरात घेतली. एक शब्द बोलायचा होता. मी म्हणजे, कुणी विचारलेलं नसताना दहा शब्द बोलणारी बाई. पण घरभर पाहुणे, पाच दिवसांवर लग्न, नवरा हजारो मैलांवर आणि समोर तो बारीक झालेला आवाज. मी गप्प राहिले. बाईने हात धुतले, घासलेली भांडी पालथी घातली आणि ती गेली.

तिथेच थांबलं असतं तर एका घराचं काम गेलं असतं. पण आळी ती आळी. सासऱ्यांनी इतकी वर्षं घरोघर सांगून ठेवलं होतं की त्या काळ्यात सोनं आहे. आता काळं गेलं आणि खाली नुसतं तांबं राहिलं, मग सोनं कुठे गेलं? लग्नाच्या मांडवातच मी पहिल्यांदा ते ऐकलं. भांडीवालीने सोनं घासून नेलं. राखेत मिसळून, पदराला बांधून. कुणीतरी असंही म्हणालं की सोनाराकडे लोक कचरा गाळून सोनं काढतात, तसलंच हे. आठ दिवसांत उरलेल्या पाचही घरांनी तिला दार बंद केलं. ती एकदा क्रुसापर्यंत आली होती म्हणे, एका घरातला राहिलेला पगार मागायला, तर पोरांनी तिला चोर म्हणून हाका मारल्या. मी तेव्हा न्हाणीघरात होते. बाहेर आले नाही.

उपवासकाळात मी पापनिवेदनाला गेले. जाळीपलीकडे फादरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, प्रार्थना कर, आणि जिचं नुकसान केलंस तिचं भरून दे. प्रार्थना मी तिथेच गुडघ्यांवर बसून केली, एकही न गाळता. भरून देण्याचं मी पुढे ढकललं. घरी परतताना मला हलकं वाटलं, हे सांगायचीही आज लाज वाटते.

लग्न पार पडल्यावर सासरे उठले ते किसेरूच्या मागे लागले. बोटीवरच्या जुन्या वहीत त्यांनी त्या म्हाताऱ्याच्या रंगाची कृती लिहून ठेवली होती, चित्रं काढून. मुळा, मोरचूद, आणि तांब्यावर चढतो तो हिरवा जंगाल. मोरचूद पलीकडच्या वाडीतल्या शेतकऱ्याकडून आणलं, तो पानवेलींवर चुन्यात कालवून फवारायचा. जंगाल त्यांनी घरीच धरला. तांब्याच्या तारांचे तुकडे आणि माडीचा शिरका मडक्यात घालून तोंड बांधून ठेवलं. तीन आठवड्यांनी तारांवर हिरवी पूड चढली. त्यांचे हात आता थरथरायचे, म्हणून हाताखाली मला घेतलं. मला वाटलं, माझ्यावरचा विश्वास अजून शाबूत आहे.

आधी वाफेवर धरून बांबूचा दांडा सोडवला. मग धातूची दोन्ही टोकं कोळशाच्या मऊ पुडीने आणि पाण्याने घासायची, माझ्या राखेचे ओरखडे जाईपर्यंत. ते काम ते स्वतः करत होते, डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून. मी शेजारी पाणी ओतत होते.

"भांडी घासणारी बाई गोल घासते," ते भिंग न काढता म्हणाले. "तळव्याने. हे उभं घासलंय, फडक्याने." थोड्या वेळाने चिंबोरीपाशी आले. "आणि इथे हे पिनेचं टोक. तिच्या डोक्याला पिन कुठली?"

तांब्या माझ्या हातातून सुटला. पाणी त्यांच्या पायांवर गेलं. तेही त्यांनी पुसलं नाही.

"तुम्हाला कधी कळलं, बाबा?"

"त्याच दिवशी. खिडकीशी नेली तेव्हाच."

"मग तिला का काढलंत?"

त्यांनी भिंग काढून माझ्याकडे पाहिलं. रागाचं नावही नव्हतं, आणि तेच मला सहन होईना. "घरात लगीन होतं, बाय. कोणावर तरी ढकलायलाच लागलं असतं. कामवाली दुसरी मिळते. सून दुसरी कुठून आणू?" आणि पुन्हा भिंग लावून घासायला लागले.

माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. मला वाचवलं होतं त्यांनी. पण तो पडला नाही. इतके दिवस मी समजत होते की ते चुकले आणि मी फक्त गप्प बसले. आता कळलं की आम्ही दोघांनी मिळून, एकमेकांना न सांगता, एका बाईला बाहेर फेकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंग चढवला. खायच्या सोड्याने टोकं धुतली, मग त्यांना बोट लावायचं नाही, बोटाचा चिकटपणा लागला तर तिथे डाग राहतो. मुळा किसला. तांब्याच्या पातेल्यात मोरचूद आणि जंगाल घातलेलं हिरवट निळं पाणी उकळत होतं. टोकं तांब्याच्या तारेला अडकवून आधी मुळ्याच्या किसात बुडवायची, मग त्या पाण्यात सोडून सतत हलवत राहायची. त्यांनी त्याच पाण्यात साध्या तांब्याची एक पट्टीही सोडली. "हा साक्षीदार," ते म्हणाले. "पाणी तेच, आच तीच. यात सोनं नाय. बघ काय होतं."

पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग टोकं मातकट झाली, मग तपकिरी. मी हलवत होते, हात भरून आला तरी थांबायची परवानगी नव्हती. पाऊण तास झाला असेल. तपकिरीतून जांभळं आलं आणि जांभळ्यातून काळं, आणि त्या काळ्यावर चांदीची चिंबोरी नांग्या उगारून वर आली. सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते माझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच लहान मुलासारखे हसले. पट्टी बाहेर काढली तर ती विटेसारखी तांबडी.

"म्हणजे सोनं आतच आहे," मी म्हणाले.

"सोनं कुठे जाणार? चिंचेने सोनं जात नाय. वरचा रंग गेला होता, तो आला."

"मग बाबा, आळीला दाखवू या ना. पट्टी आणि ही, दोन्ही. तिच्यावरचा आळ जाईल."

त्यांचं हसू गेलं. त्यांनी टोकं मऊ कापडाने टिपली, किंचित मेण लावलं, दांडा बसवला आणि किसेरू कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली. "दाखवली तर विचारतील, मग घासली कोणी?" ते म्हणाले.

"मी सांगेन."

"आणि मी काय सांगू? मला ठाऊक असून तिला काढली, हे?"

मी म्हटलं, निदान आपल्या घरी तरी तिला परत बोलवू. त्यांनी पातेलं खाली उतरवलं. मग म्हणाले, "ती रोज समोर आली तर मला जेवण जायचं नाय." हा माणूस कठोर नव्हता. कठोर असता तर तिच्याकडे रोज बघू शकला असता. मीही घर डोक्यावर घेऊ शकले असते, पण घेतलं नाही. पुढे कितीतरी आठवडे मी स्वतः भांडी घासत राहिले आणि तीच आपली शिक्षा अशी मनाची समजूत घालत राहिले.

मे महिन्यात मी जूचंद्रला गेले. विचारत विचारत मिठागरावर पोचले. ऊन असं की मिठाकडे पाहवत नव्हतं. ती बायांच्या रांगेत होती, डोक्यावर मिठाची पाटी, ढिगावर नेऊन ओतायची आणि परत. पायांना चिंध्या बांधल्या होत्या. मला पाहून ती थांबली नाही. मी तिच्या बाजूने चालत चालत सगळं सांगितलं, चिंच, पिन, सासऱ्यांना ठाऊक होतं तेही. सांगताना मी रडले. ती रडली नाही. पाटी ओतून झाल्यावर म्हणाली, "मना कशाला सांगतेस, वयनी? मना म्हाईत हाय मी नाय केलं. तुज्या आलीत सांग."

एवढं साधं होतं ते. तिने मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मे महिन्यात संध्याकाळी आमच्या आळीत क्रुसापुढे सगळे जमतात, रोझरी म्हणजे जपमाळेची प्रार्थना होते. चार दिवस मी मनाची तयारी केली आणि चार दिवस घरी परतले. पाचव्या दिवशी रोझरी संपून चणे वाटणं चाललं असताना मी उभी राहिले आणि म्हणाले, "बाबांची किसेरू मी घासली होती. भांडीवालीने नाही. आणि सोनं कुठे गेलेलं नाही, ती परत काळी झालीय." सासरे मागच्या बाकावर होते. ते उठले आणि काठी टेकत घरी गेले. महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत, पण ते मी धरूनच चालले होते.

मला वाटलं होतं, बाया तोंडावर हात ठेवतील, मला फाडून खातील. तसं काही झालं नाही. एकजण म्हणाली, "कय गं, ते अजून डोक्यात धरून बसलीस? आम्ही तर कधीच विसरलो." दुसरी म्हणाली, "बिचारी होती बाकी स्वच्छ." मी म्हटलं, मग तिला परत बोलवा ना, सहा घरं होती तिची. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. घरोघर दुसरी बाई लागून तीन महिने झाले होते. माझ्या शेजारणीने, जिच्या पोरांनी क्रुसापाशी चोर म्हणून हाका मारल्या होत्या तिने, मला अगदी मायेने समजावलं, "आता हिला कसं काढायचं? हिने काय केलंय? कोणाचं पोट असं विनाकारण मारू नये गं." बाकीच्यांनी माना हलवल्या, आणि चण्यांचा वाडगा पुढे गेला.

दोन दिवसांनी मी पुन्हा मिठागरावर गेले. तिला सांगायलाच हवं होतं की मी आळीत बोलले. तिने मला लांबूनच पाहिलं आणि या वेळी थांबली.

"सांगितलं?" तिने विचारलं.

"सांगितलं. सगळ्यांसमोर. आता तुला कुणी चोर म्हणणार नाही."

तिच्या तोंडावर हळूहळू हसू आलं. तिने डोक्यावरची पाटी खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं, पायाची सुटलेली चिंधी वाकून बांधली आणि म्हणाली, "मंग कंदीपासून येऊ?"